शेळ्यांच्या पुस्तकाला मंजुरी

फरीदाबाद,
१८ सप्टेंबर १९९४

चि. कुमुद,
हरियाणाची धूळ झटकून तुला आशीर्वाद पाठवतो आहे. वि. वि.

आज सकाळी दाढी करताना कानात एकदम आपली शाळा वाजू लागली. ती पत्र्याच्या छपराची. वर्गभर पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, गुरुजींची छडी टेबलावर ताल धरते आहे आणि कडवं संपलं की सगळे मिळून बाकं थोपटताहेत. शब्द एकही आठवेना, नुसती चाल. पण ती अशी स्वच्छ की मी ब्रश हातात धरून आरशासमोर उभाच राहिलो. शेवटी सूनबाईनं, सुरुचीनं बाहेरून विचारलं, की बाबा, पाणी गेलंय का. गेलंच होतं. या नव्या सेक्टरात पाणी कुणाला न सांगता जातं आणि मग आम्ही त्याची वाट बघत साबण लावून उभे राहतो.

सुधन्वानं सरकारी नोकरी सोडून कपडे धुण्याची यंत्रं करणाऱ्या कंपनीत उडी मारली, त्याला बढती मिळाली, गाडी मिळाली आणि आम्हाला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पोरगा आनंदात आहे, त्याचं मला बरंच वाटतं. पण दिल्लीत सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये खिडकीतून हाक मारली की समोरचे पेपर घेऊन गप्पांना यायचे. इथे हाक मारली तर खालचा चौकीदार वर बघून सलाम करतो. सुधन्वा आणि सुरुची दिवसभर कामावर, नात क्षिप्रा शाळेत, आणि संध्याकाळी घरोघर केबल. टेलिफोनचा नंबरही अजून लागलेला नाही, तेव्हा बोलायचं ते तुझ्याशी, या कागदावर.

जूनमध्ये तुला शब्द दिला आहे तो विसरलेलो नाही. गुढीपाडव्यापर्यंत इथे चार माणसं माझ्याबरोबर बसून मराठी पुस्तक वाचताना दिसली नाहीत, तर वळकटी बांधून फलटणला तुझ्याकडे, कायमचा.

मात्र आशेला जागा आहे. परवा दुधाच्या बूथवर एक बाई आपल्या मुलाला अस्सल मराठीत झापत होत्या. मी त्या मुलाला मनातल्या मनात धन्यवाद दिले आणि ओळख करून घेतली. वैजयंतीबाई, कृषी मंत्रालयात आहेत, माहेर धुळ्याचं. त्यांच्यामुळे परभणीचे अंबादास सापडले, ते पाण्याच्या खात्यात. आणि ऑडिटमधून निवृत्त झालेले तात्याराव, ज्यांना आपण चहा दिला तरी ते आधी कपात वाकून बघतात. काल आमच्याकडे पहिली बैठक झाली. सगळ्यांनी मिळून एक पुस्तक ठरवायचं, वाचायचं आणि मग त्यावर बोलायचं. वैजयंतीबाईंना रडवणारी जाडजूड कादंबरी हवी. अंबादासांना शिकारीच्या गोष्टी. तात्यारावांना इतिहास, तोही सनावळीसकट. मी भीतभीत म्हटलं की आपल्या शाळेतल्या जुन्या कविता घेऊ या का. तात्याराव म्हणाले की त्या तर पाठ करून झाल्या, मार्कही मिळाले.

दोन वेळा चहा झाला, पोहे संपले, पुस्तक ठरलं नाही. शेवटी सगळे सरकारी लोक एकत्र आल्यावर जे होतं तेच झालं. एक फाइल उघडली. ती घरोघर फिरेल, प्रत्येकानं पुस्तक सुचवायचं आणि शेरा लिहायचा.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
भाऊ

फलटण,
२ ऑक्टोबर १९९४

ती. भाऊस,
खडू खाली ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी शेजारच्या शालिनीला सांगितलं, की दिल्लीला चार शहाणी माणसं एक पुस्तक उघडण्यासाठी आधी फाइल उघडतात. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. अरे, कुणीतरी एक पुस्तक हातात घ्यावं आणि मोठ्यानं वाचू लागावं, बाकीच्यांनी ऐकावं. मी पस्तीस मुलींचा वर्ग असाच सांभाळला, शेरे न मागवता.

तुझी खोली म्हणून मी मुद्दाम काही केलेलं नाही. चुना द्यायचा होताच, तो दिला. खुर्चीचा वेत सैल झाला होता, तो विणून घेतला. खिडकीशी उजेड चांगला येतो, पण तो काही तुझ्यासाठी आणलेला नाही. तू मला नेहमी चिडवतोस, की जन्मभर भूगोल शिकवला आणि स्वतः पुण्याच्या पुढे गेली नाही. तर अशा बाईकडे राहायला यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

निवृत्तीनंतरचे दिवस छान चाललेत. सकाळ पटकन जाते. दुपार जरा मोठी असते.

पुस्तकावर एवढीच भांडणं असतील तर एक उपाय सुचवते. माझ्याकडे शेळीपालनावरचं एक पिवळ्या कव्हरचं पुस्तक आहे. कुणीतरी शाळेला भेट दिलं होतं, ग्रंथालयानं घेतलं नाही म्हणून माझ्या घरी आलं. शेळीवरून कुणाचंही भांडण होणार नाही. ते घ्या!

सुरुचीला आणि क्षिप्राला आत्याचे लाड.
तुझ्या रागालोभाची सवय झालेली,
कुमुद

फरीदाबाद,
२७ नोव्हेंबर १९९४

चि. कुमुद,
थंडीनं बोटं वळत नाहीत, तरी आशीर्वाद सरळ आहेत. वि. वि.

बातमी देतो, पण आधी खाली बस.

आमची फाइल दोन महिने फिरली. मध्ये ती अंबादासांबरोबर जयपूरला दौऱ्यावर जाऊन आली. त्यांच्या बॅगेत चुकून राहिली म्हणे. मग वैजयंतीबाईंच्या घरी पाहुणे आले म्हणून ती गादीखाली गेली. तात्यारावांनी सुरुवातीलाच नियम लिहून ठेवला होता, की ज्या पुस्तकावर कुणाचाही आक्षेप नसेल तेच मंजूर समजावं. आणि मग त्यांनीच आक्षेपांचा सपाटा लावला. कादंबरीवर लिहिलं, की नायिका मरते हे शेवटीच कळतं, तोवर वाचकाचा बराच वेळ जातो. शिकारीच्या गोष्टींवर लिहिलं, की आता वन्यप्राण्यांचा कायदा आहे. माझ्या कवितांवर लिहिलं, की प्रौढांनी त्या का वाचाव्यात याचं कारण टिपणात दिलेलं नाही. कुमे, मी रात्रभर कारण शोधत होतो. सापडलं ते लिहिण्याजोगं नव्हतं. मला त्या आवडतात, एवढंच.

तात्यारावांच्या इतिहासावर वैजयंतीबाईंनी सूड म्हणून आक्षेप घेतला. अंबादासांनी सगळ्या आक्षेपांखाली सवयीनं सहमत लिहून सही केली. स्वतःच्या पुस्तकावरच्या आक्षेपाखालीसुद्धा!

आता सगळ्यात खाली, मी गंमत म्हणून, तुझ्या शेळ्यांचं पुस्तक लिहिलं होतं. गंमत समजून म्हणा किंवा शेवटपर्यंत कुणी वाचलं नाही म्हणून म्हणा, त्यावर एकाचाही आक्षेप आला नाही. परवाच्या बैठकीत तात्यारावांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, की नियमाप्रमाणे शेळीपालन मंजूर झालं आहे. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. वैजयंतीबाई म्हणाल्या, की दिवसभर ऑफिसात शेतीचे आकडे बघायचे आणि रविवारी शेळ्या, ये तो हद हो गई. त्यावर तात्याराव म्हणाले, की मंजूर झालेलं रद्द करायचं तर नवी फाइल लागेल. नव्या फाइलचं नाव काढताच सगळ्यांनी शेळ्या मान्य केल्या.

तेव्हा ते पुस्तक पाठव. नाहीतर मंडळ इथेच संपलं. अंबादास म्हणू लागलेत की रविवारी चार वाजता टीव्हीवर पिक्चर असतो. तू पाठवशील की नाही, याची मला खरंच शंका आहे. आणि पाठवावंस असं मला किती वाटतं, तेही मला नीट सांगता येत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
भाऊ

फलटण,
९ डिसेंबर १९९४

ती. भाऊस,
हसून हसून वाकले आहे, तोच नमस्कार समज. वि. वि.

तुझं पत्र मी पोस्टाच्या पायरीवरच उघडलं आणि इतकी हसले, की पोस्टमास्तरांनी आतून पाणी पाठवलं. तुमच्या तात्यारावांना माझा विशेष नमस्कार सांग. असा माणूस शाळा तपासायला आला असता तर आम्ही सगळ्या बायकांनी एकदम रजा टाकली असती.

पुस्तक स्वयंपाकघरात होतं. पिठाच्या डब्याखाली टेकू म्हणून दिलं होतं. काढलं, पुसलं, उन्हात ठेवलं. शालिनी म्हणाली, की वेडी आहेस का, पाठवू नकोस. पुस्तक गेलं नाही तर मंडळ मोडेल, आणि पाडव्याला भाऊ दारात उभे. ती बोलते फार.

पार्सल कालच टाकलं. कोपऱ्यांना पुठ्ठा लावला आहे, पोचेपर्यंत मुडपणार नाही.

एकच प्रत आहे. तेव्हा घरोघर फिरवत बसू नका, नाहीतर अंबादास ते पुन्हा जयपूरला नेतील. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी आधीच सांगितलं होतं.

खिडकीतला उजेड हल्ली थोडा लवकर जातो. थंडीचे दिवस.
तुझं भलं चिंतणारी आणि थोडी चिडवणारी,
कुमुद

फरीदाबाद,
१२ फेब्रुवारी १९९५

चि. कुमुद,
आज आशीर्वाद मी एकटा देत नाही, अख्खं मंडळ देतं आहे. वि. वि.

तुझं पुस्तक वाचतो आहोत! दर रविवारी चार वाजता, आमच्या बैठकीत. तू म्हणालीस तसंच, एकानं दोन पानं वाचायची आणि पुस्तक उजवीकडे द्यायचं. पहिल्या रविवारी सगळे परीक्षेला बसल्यासारखे होते. अंबादासांनी गोठ्याच्या जमिनीचा उतार किती असावा ते वाचलं आणि चेहऱ्यावर दिसत होतं, की त्यांना टीव्ही आठवतो आहे. मग उताराचा विषय पाण्याच्या निचऱ्यावर गेला, आणि ते त्यांचं खातं. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी आपल्या आजोळच्या गोठ्यात पाणी कसं साचायचं आणि आजी पहाटे ते कसं बाहेर लोटायची, ते सांगितलं. कुणी घड्याळ बघितलं नाही.

क्षिप्रा आधी आतल्या खोलीतून वैतागून ओरडली होती, की आजोबा, हळू वाचा ना यार. आता चटई टाकून मध्येच बसते. तिला शेळी म्हणजे बकरी आणि तिचं पिल्लू म्हणजे बकरीचा बच्चा एवढंच ठाऊक. करडू म्हटल्यावर इतकी खूश झाली, की दिवसभर घरात करडू करडू करत फिरली. गव्हाण, दावं, पान्हा, एकेक शब्द ती खिशात घालते आहे. रवंथ म्हणजे काय ते तिला समजावलं, तर तिनं लगेच सुरुचीला जाऊन सांगितलं, की पप्पा टीव्हीसमोर बसून तेच करतात. सुधन्वानं त्या दिवशी टीव्ही बंद केला. थोडा वेळ.

मागच्या रविवारी शेळी विते ते प्रकरण वैजयंतीबाईंकडे आलं. वाचता वाचता त्या थांबल्या. त्यांच्या माहेरी एक शेळी होती, तिचं करडू त्या फ्रॉकमध्ये गुंडाळून शाळेत घेऊन गेल्या होत्या, आणि बाईंनी रागावण्याऐवजी त्या दिवशी वर्गाला करडाची कविता शिकवली. कुमे, त्या हे सांगत होत्या आणि माझ्या तोंडात त्या कवितेची पहिली ओळ आली. तीच ती, दाढी करताना जिची नुसती चाल ऐकू आली होती! टेकडीवर चुकलेल्या करडाची. मी मोठ्यानं म्हणू लागलो. अंबादास म्हणाले की चाल चुकली, परभणीला अशी म्हणायचे. वैजयंतीबाईंची चाल तिसरीच. आम्ही तिघं तीन चालींत एकच कविता म्हणत होतो, आणि तिसऱ्या कडव्यावर तिघंही अडलो.

तेव्हा तात्याराव उभे राहिले. हात मागे बांधले, नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि ते तिसरं कडवं सावकाश, एकही अक्षर न गाळता म्हटलं. मग खाली बसून चहा प्यायले, कपात न बघता. प्रौढांनी कविता का वाचावी, याचं कारण त्यांना कुणी विचारलं नाही.

आणखी एक गंमत. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी वहिनींना जिन्यात आमचं वाचन ऐकू येतं. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं, की वरती बकऱ्या पाळायचं चाललं आहे. सेक्रेटरी नियमाचा कागद घेऊन आले. तात्यारावांनी त्यांना बसवून घेतलं आणि त्यांचा नियमच आधी तपासला. त्यात कुत्रा आहे, मांजर आहे, शेळीचा उल्लेख नाही. सेक्रेटरी घाबरून दोन कप चहा पिऊन गेले.

काय काय लिहू! आता रविवार कधी येतो असं होतं. तुझ्या पुस्तकानं हे केलं.

तुझ्या उपकारात सुखानं राहिलेला,
भाऊ

फलटण,
६ मार्च १९९५

ती. भाऊस,
नमस्कार पोचावा. वि. वि.

तुझ्या पत्रात शेळ्या आहेत, करडं आहेत, सेक्रेटरी आहेत. पाडवा नाही. समजले.

खरंच आनंद झाला. चार माणसं जमली की तू राहणार, असंच ठरलं होतं आणि क्षिप्राला धरून चार जमली. उलट सेक्रेटरी धरले तर पाच. शब्द तू मोडलेला नाहीस, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. मी मजेत आहे. खोली रिकामी राहायला नको म्हणून तिथे शालिनीचं शिवणाचं मशीन आणून ठेवलं आहे, तिच्या घरी जागा होत नव्हती. खुर्ची भिंतीला लावून टाकली. तसं मला काही कमी नाही. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली की अजून वह्या आवरायला हात पुढे जातो, मग आठवतं आणि माझं मलाच हसू येतं. मी अगदी मजेत आहे.

पुस्तक परत करायची घाई नको. पिठाच्या डब्याखाली वीट ठेवली आहे.

आहे तेवढा लोभ पुरे, जपून ठेव.
कुमुद

फरीदाबाद,
पाडवा, १ एप्रिल १९९५

चि. कुमुद,
नव्या वर्षाचा पहिला आशीर्वाद तुला. वि. वि.

तुझं पत्र मी वाचलं आणि हलकं वाटून घेतलं. बरं झालं, कुमुद रागावली नाही, मजेत आहे. मग ते सुरुचीनं वाचलं. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, की बाबा, आत्याबाईंनी ती खुर्ची भिंतीला का लावली. मी म्हटलं, आता तिथे कुणी बसायचं नाही म्हणून. ती म्हणाली, मग पत्र पुन्हा वाचा. वाचलं. मजेत आहे असं ज्याला एका पानात दोनदा लिहावं लागतं, तो माणूस कसा असतो हे मला कळायला हवं होतं. जन्मभर कवितांच्या दोन ओळींमधलं शोधत बसलो, आणि सख्ख्या बहिणीच्या दोन ओळींमधलं सुनेला दाखवावं लागलं.

तर मी येतो आहे. सुधन्वानं बुधवारच्या झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढलं. तो म्हणाला की दिवाळीला तुम्ही दोघं इकडे या. शालिनीला तिचं मशीन न्यायला सांग आणि खुर्ची खिडकीशी ओढ.

मंडळातही सांगितलं. तात्यारावांनी खिशातून पेन काढून विचारलं, की हा प्रस्ताव फाइलवर का आला नाही, आणि त्यावर आपला आक्षेप आहे. मी म्हटलं, सहमत. मग सगळेच हसलो, पण अंबादास उगाच खिडकीत जाऊन उभे राहिले. पुढच्या पुस्तकाचा विषय निघाला, तर आता फाइल नको यावर एकमत. मी एवढंच सुचवलं, की ज्याची घरात एकच प्रत असेल ते घ्यावं, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसावंच लागेल. ते मंजूर झालं, तोंडी! शेळ्यांची शेवटची दोन प्रकरणं मी नसताना वाचणार नाही असं वैजयंतीबाईंनी बजावलं आहे. मी म्हटलं, मग दिवाळीपर्यंत शेळ्या उपाशी राहतील.

तुला वाटेल की मी मन मारून निघालो आहे. थोडं मारलं आहे, खोटं कशाला बोलू. रविवारी चार वाजले की माझं लक्ष इकडे जाईल. पण तिथे मोठी दुपार असते असं तू लिहिलं होतंस. त्या दुपारी आपण दोघं वाचू. काय वाचायचं त्यावर भांडू, दोघंच, मनसोक्त. कविता म्हणशील तर कविता, आणि तू भूगोल म्हणालीस तरी माझा आक्षेप

बेल वाजली. वैजयंतीबाई श्रीखंड घेऊन येणार होत्या, त्याच असतील. क्षिप्रा धावली आहे.

अगं, ही पोर दार उघडून नुसतीच उभी आहे. चौकीदार डोक्यावरची वळकटी उतरवतो आहे आणि त्याच्या मागून कुणीतरी त्याला खणखणीत मराठीत बजावतं आहे, की भिंतीला घासू नकोस, नवा रंग आहे. आता विचारते आहे, की शेळ्यांचं पुस्तक संपवलंत की काय माझ्याशिवाय.

कुमे, हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकू? तू तर माझ्या दारात चपला काढते आहेस.